शंकर नाग : मराठी रंगभूमीने घडवलेला कन्नड नायक

बंगळुरू : या शहरात रिक्षाने प्रवास करणाऱ्याला एक चेहरा वारंवार भेटतो. दाढी, दाट केस आणि थेट पाहणारे डोळे असलेले हे चित्र रिक्षाच्या मागील बाजूस रंगवलेले असते, कधी चालकाच्या समोर चिकटवलेले असते, तर कधी रिक्षाथांब्याच्या फलकावर झळकते. हा चेहरा कन्नड अभिनेते आणि दिग्दर्शक शंकर नाग यांचा आहे. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ झालेल्या मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वयाची ३६ वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा ४० दिवस बाकी होते. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेले तरुणही आज आपल्या रिक्षावर त्यांचे चित्र लावतात.

याच शहराच्या दक्षिणेस, जे. पी. नगरात, ‘रंगशंकर’ नावाचे नाट्यगृह आहे. तेथे नाटक ठरलेल्या वेळी सुरू होते आणि उशिरा आलेल्या प्रेक्षकास आत प्रवेश मिळत नाही. रिक्षावरचे चित्र आणि हे नाट्यगृह ही एकाच माणसाची दोन स्मारके आहेत. पहिले स्मारक लोकप्रिय चित्रपटांनी उभारले. दुसऱ्याचा पाया मात्र मुंबईच्या रंगभूमीवर घातला गेला होता.

शंकर नागरकट्टे यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ रोजी उत्तर कन्नड जिल्ह्यातील होन्नावर परिसरात एका कोकणीभाषक कुटुंबात झाला. त्या वेळी हा जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यपुनर्रचना झाली आणि तो तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. शंकर यांच्या दुसऱ्या वाढदिवसापूर्वीच त्यांच्या गावाचे राज्य बदलले. तरीही या किनारपट्टीवरील कुटुंबांचा मुंबईशी असलेला संबंध तुटला नाही. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मुंबई गाठण्याची जुनी रीत चालूच राहिली. शंकर यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे असलेले बंधू अनंत नाग मुंबईत आले, नाटकांत रमले आणि १९७४ मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मधून हिंदी चित्रपटात पोहोचले. धाकट्या भावाची वाटचालही याच मार्गाने सुरू झाली.

शंकर मुंबईच्या नाट्यवर्तुळात वावरू लागले तो काळ मराठी रंगभूमीच्या दृष्टीने विलक्षण होता. विजय तेंडुलकरांची ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ ही नाटके १९७२ मध्ये रंगमंचावर आली होती आणि त्यांवरील वाद शमले नव्हते. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची चळवळ उभी राहत होती. सत्यदेव दुबे हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत नाटके करत होते. गिरीश कर्नाडांची कन्नड नाटके आणि बादल सरकारांची बंगाली नाटके मराठीत येत होती. नाटक एका भाषेत जन्मते आणि दुसऱ्या भाषेत वाढते, हा त्या पिढीचा रोजचा अनुभव होता. घरी कोकणी बोलणारा हा तरुण या वातावरणात मराठी नाटक करू लागला. येथेच त्यांची अरुंधती राव यांच्याशी ओळख झाली. अरुंधती यांचा जन्म दिल्लीचा, पण त्यांची जडणघडण मुंबईत झाली होती आणि मराठी, गुजराती व हिंदी रंगभूमीवर त्या काम करत होत्या. नाटकाच्या निमित्ताने जुळलेल्या या ओळखीचे पुढे विवाहात रूपांतर झाले.

शंकर नाग यांना कन्नड चित्रपटात आणले ते गिरीश कर्नाड यांनी. कर्नाड यांचा जन्म माथेरानचा, मातृभाषा कोकणी आणि लेखनाची भाषा कन्नड. मराठी नाटकाशीही त्यांचा निकटचा परिचय होता. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या सामुराईपटांपासून प्रेरणा घेऊन त्यांनी ‘ओंदानोंदु कालदल्ली’ हा चित्रपट केला. मध्ययुगीन मलनाडातील दोन वैरी सरदार आणि त्यांच्या पदरी असलेले दोन भाडोत्री योद्धे यांची ही कथा होती. त्यांपैकी गंडुगली या तरुण योद्ध्याची भूमिका शंकर यांच्याकडे आली. दुसऱ्या योद्ध्याच्या भूमिकेत सुंदरकृष्ण अरस होते. १९७८ मधील या पहिल्याच चित्रपटाने शंकर यांना मोठा सन्मान मिळवून दिला. जानेवारी १९७९ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या सातव्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार प्रदान करण्यात आला. त्या वेळी त्यांचे वय २४ वर्षांचे होते.

१९७९ मध्येच त्यांचे नाव एका मराठी चित्रपटाशीही जोडले गेले. जयू आणि नचिकेत पटवर्धन या दांपत्याने चापेकर बंधूंवर ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट केला. पुण्यात प्लेगच्या काळात रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर झालेल्या हल्ल्याचा दिवस हेच या चित्रपटाचे नाव होते. त्याच्या लेखनात शंकर नाग यांचा सहभाग होता. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटास मिळाला. मराठी प्रेक्षकांनी वाखाणलेल्या या चित्रपटाच्या श्रेयनामावलीतील शंकर नाग हेच कर्नाटकातील रिक्षाचालकांचे आराध्य नायक आहेत, याची जाणीव मात्र महाराष्ट्रात फार थोड्यांना राहिली.

यानंतर नाग दांपत्याने बंगळुरू हे आपले कायमचे वास्तव्य केले. पुढील बारा वर्षांत शंकर यांनी केलेल्या कामाचा आवाका थक्क करणारा आहे. त्यांनी ८०हून अधिक चित्रपटांत भूमिका केल्या. १९८० मधील ‘ऑटो राजा’ या चित्रपटात त्यांनी रिक्षाचालकाची भूमिका केली आणि खाकी गणवेशातील हा नायक शहरातील कष्टकऱ्यांनी आपला मानला. १९८१ मधील ‘गीता’ या चित्रपटास इळैयाराजा यांचे संगीत होते. त्यातील गाणी आजही कर्नाटकातील समारंभांत वाजवली जातात. हाणामारीच्या चित्रपटांमुळे त्यांना ‘कराटे किंग’ हे बिरुद मिळाले. त्यांनी कराटेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, पण प्रेक्षकांना त्याने काही फरक पडला नाही. १९८८ मधील ‘सांग्लियाना’ या चित्रपटाने त्यांच्या लोकप्रियतेत आणखी भर घातली. एच. टी. सांग्लियाना या प्रत्यक्ष सेवेत असलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या नावावरून हा चित्रपट निघाला होता. पाठोपाठ १९८९ मध्ये ‘सीबीआय शंकर’ आणि १९९० मध्ये ‘सांग्लियाना’चा दुसरा भाग आला.

या सर्वच चित्रपटांचा दर्जा सारखा होता, असे म्हणता येणार नाही. त्यांतील अनेक चित्रपट ठरावीक साच्याचे होते आणि वर्षाकाठी होणाऱ्या चित्रपटांची संख्या पाहता ते स्वाभाविकही होते. मात्र अभिनेता म्हणून साचेबंद चित्रपटांत वावरणारा हा कलावंत दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसला की निराळे धाडस करत असे. त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘मिंचिन ओट’ १९८० मध्ये आला. मोटारी चोरणाऱ्या टोळीची आणि तुरुंगातून पळून जाण्याच्या प्रयत्नाची ही कथा होती. अनंत आणि शंकर हे दोघे बंधू आणि ज्येष्ठ अभिनेते लोकनाथ यांच्यासह त्यात प्रिया तेंडुलकर यांचीही भूमिका होती. विजय तेंडुलकरांच्या या कन्येने ‘अंकुर’मध्ये अनंत नाग यांच्या पत्नीची भूमिका केली होती आणि पुढे ‘रजनी’ या दूरदर्शन मालिकेने त्या देशभर परिचित झाल्या. ‘मिंचिन ओट’ला कर्नाटक राज्य शासनाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्कारासह अनेक पुरस्कार मिळाले.

१९८५ मधील ‘अॅक्सिडेंट’ हा त्यांचा सर्वांत परखड चित्रपट मानला जातो. अमली पदार्थांच्या नशेत मोटार चालवणारा एका राजकीय नेत्याचा मुलगा पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडतो आणि सत्तेच्या बळावर प्रकरण दडपण्याचा प्रयत्न सुरू होतो. त्याचा छडा लावणाऱ्या पत्रकाराची भूमिका शंकर यांनी स्वतः केली, तर नेत्याची भूमिका अनंत नाग यांनी केली. सामाजिक प्रश्नांवरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला. भारतीय महानगरांत अशा घटना पुढील काळात पुन्हा पुन्हा घडल्या आणि त्या प्रत्येक वेळी या चित्रपटाची आठवण काढली गेली. १९८७ मध्ये त्यांनी कन्नड चित्रपटसृष्टीचे सर्वमान्य नायक डॉ. राजकुमार यांना घेऊन ‘ओंदु मुत्तिन कथे’ हा चित्रपट केला. जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द पर्ल’ या लघुकादंबरीवर तो आधारित होता आणि त्यासाठी पाण्याखाली चित्रीकरण करण्यात आले होते. चित्रपटास अपेक्षित व्यावसायिक यश लाभले नाही.

शंकर नाग यांना संपूर्ण देशात पोहोचवले ते दूरदर्शनने. आर. के. नारायण यांच्या कथांवर आधारित ‘मालगुडी डेज’ या हिंदी मालिकेचे दिग्दर्शन त्यांच्याकडे सोपवण्यात आले. निर्माते होते टी. एस. नरसिंहन. नारायण यांचा चित्रपटसृष्टीविषयीचा पूर्वानुभव सुखद नव्हता. त्यांच्या ‘द गाइड’ या कादंबरीवर १९६५ मध्ये निघालेला हिंदी चित्रपट गाजला, पण कथेत केलेले बदल लेखकास रुचले नव्हते आणि ती नाराजी त्यांनी लेख लिहून व्यक्तही केली होती. शंकर यांनी मूळ कथांना फारसा धक्का न लावता काम करण्याचे ठरवले. नारायण यांच्या कल्पनेतील गाव त्यांना शिवमोगा जिल्ह्यातील आगुंबे येथे सापडले. प्रचंड पावसासाठी ओळखल्या जाणाऱ्या या घाटमाथ्यावरील खेड्यात जुनी कौलारू घरे आणि शांत रस्ते टिकून होते. तेथील ‘दोड्डमने’ हा जुना वाडा पडद्यावर स्वामीचे घर झाला.

छोट्या स्वामीची भूमिका मास्टर मंजुनाथ यांनी आणि त्याच्या वडिलांची भूमिका गिरीश कर्नाड यांनी केली. मिठाईविक्रेत्या जगनच्या भूमिकेत अनंत नाग होते, तर तुटपुंज्या पगारात अडकलेल्या कारकुनाच्या भूमिकेत कन्नडमधील आघाडीचे नायक विष्णुवर्धन दिसले. एल. वैद्यनाथन यांचे शीर्षकसंगीत आणि लेखकाचे बंधू आर. के. लक्ष्मण यांची रेखाटने यांनी मालिकेस स्वतंत्र ओळख दिली. लक्ष्मण यांची व्यंगचित्रे मुंबईकरांच्या सकाळचा भाग होतीच. नारायण आणि लक्ष्मण, अनंत आणि शंकर अशा भावांच्या दोन जोड्या या एका मालिकेत एकत्र आल्या. १९८६-८७च्या सुमारास ही मालिका घराघरांत पाहिली गेली. महाराष्ट्रातील त्या पिढीच्या बालपणात स्वामी आणि त्याचे मित्र आजही जिवंत आहेत. चित्रीकरण झालेल्या अरसाळू या रेल्वेस्थानकावर अलीकडे मालगुडी संग्रहालयही उभारण्यात आले आहे.

चित्रपट आणि मालिकांच्या या धावपळीतही शंकर यांनी रंगभूमी सोडली नाही, हे त्यांच्या आयुष्याचे मर्म आहे. बंगळुरूत आल्यावर त्यांनी अरुंधती आणि सहकाऱ्यांसह ‘संकेत’ ही हौशी नाट्यसंस्था स्थापन केली. कर्नाडांच्या ‘अंजु मल्लिगे’ या नाटकाने संस्थेचा प्रारंभ झाला. त्यानंतर शंकर वळले ते थेट मराठीकडे. जयवंत दळवी यांची ‘बॅरिस्टर’ आणि ‘संध्याछाया’ ही दोन नाटके ‘संकेत’ने कन्नडमध्ये सादर केली. परदेशी आणि सैन्यात गेलेल्या मुलांची वाट पाहणारे ‘संध्याछाया’मधील वृद्ध दांपत्य, तसेच ‘बॅरिस्टर’मधील कोकणातला जुना वाडा आणि त्यातील घुसमट, हे सारे कन्नड प्रेक्षकांना परके वाटण्याचे कारण नव्हते. मुंबईत विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाने गाजलेली ही नाटके शंकर यांनी आपल्यासोबत बंगळुरूला नेली. मुंबईच्या रंगभूमीने त्यांना जे दिले होते, त्याची ही एक प्रकारे परतफेड होती. पुढे ‘नोडी स्वामी नाविरोदु हीगे’, ‘आट बोंबाट’ आणि कर्नाडांचे ‘नागमंडल’ ही नाटकेही त्यांनी केली. लोकप्रिय नायक म्हणून त्यांचे नाव गाजत होते, त्याच काळात हौशी कलावंतांसोबत त्यांच्या तालमीही सुरू होत्या.

आपल्या शहरात जे नाही ते उभारण्याची धडपड हा त्यांच्या स्वभावाचा दुसरा पैलू होता. कन्नड चित्रपटसृष्टी त्या काळात तांत्रिक कामांसाठी मोठ्या प्रमाणावर मद्रासवर अवलंबून होती. ही गरज ओळखून त्यांनी बंगळुरूत ‘संकेत’ याच नावाने ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ उभारला. शहरासाठी मेट्रो रेल्वे, नंदी टेकडीसाठी रज्जुमार्ग, गरिबांसाठी कमी खर्चाची घरे अशा कल्पना ते मांडत असल्याचे त्यांचे निकटवर्तीय सांगत आले आहेत. बंगळुरूत मेट्रो प्रत्यक्ष धावू लागली ती २० ऑक्टोबर २०११ रोजी, त्यांच्या निधनानंतर २१ वर्षांनी.

त्यांच्या मनातील आणखी एक कल्पना नाट्यगृहाची होती. मुंबईत जुहू येथे शशी आणि जेनिफर कपूर यांनी १९७८ मध्ये पृथ्वी थिएटर सुरू केले होते. प्रेक्षक आणि नट यांच्यात अंतर न ठेवणारा लहान रंगमंच, परवडणारे भाडे आणि नियमित प्रयोग हे त्याचे स्वरूप होते. शशी कपूर यांची निर्मिती आणि कर्नाडांचे दिग्दर्शन असलेल्या ‘उत्सव’ या १९८४ मधील हिंदी चित्रपटात शंकर यांनी चोराची भूमिकाही केली होती. बंगळुरूतील नाट्यकर्मींना हक्काचा वाटेल असा रंगमंच असावा, अशी शंकर आणि अरुंधती या दोघांची इच्छा होती. मात्र ती प्रत्यक्षात येण्याइतका अवधी त्यांना मिळाला नाही.

१९९०च्या सप्टेंबर अखेरीस चंद्रशेखर कंबार यांच्या ‘जोकुमारस्वामी’ या नाटकावर आधारित चित्रपटाचे चित्रीकरण सुरू व्हायचे होते. त्यासाठी शंकर बंगळुरूहून उत्तर कर्नाटकाकडे निघाले. सोबत पत्नी आणि लहान मुलगी होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे दावणगेरेजवळील आनगोडू गावानजीक त्यांच्या मोटारीस अपघात झाला. शंकर यांचा मृत्यू झाला, अरुंधती गंभीर जखमी झाल्या आणि मुलगी बचावली. वृत्त पसरताच संपूर्ण कर्नाटकात शोककळा पसरली. त्यांची भूमिका असलेले काही चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाले आणि ज्या नायकास निरोप दिला त्यास पुन्हा पडद्यावर पाहण्याची वेळ प्रेक्षकांवर आली.

अरुंधती नाग यांना अपघातातून सावरण्यास दीर्घ काळ लागला. त्यानंतर त्यांनी नाट्यगृहाचे काम हाती घेतले. ‘संकेत ट्रस्ट’च्या माध्यमातून त्यांनी कर्नाटक शासनाकडून जागा मिळवली आणि शासन, उद्योगक्षेत्र व नाट्यप्रेमी यांच्याकडून निधी उभा केला. गिरीश कर्नाड यांच्यासह अनेक रंगकर्मी त्यांच्या पाठीशी होते. २८ ऑक्टोबर २००४ रोजी ‘रंगशंकर’चा पडदा वर गेला. शंकर यांच्या निधनास तेव्हा १४ वर्षे लोटली होती. सोमवार वगळता दररोज नाटक, हा या नाट्यगृहाचा संकल्प आहे. कन्नडसह विविध भारतीय भाषांतील आणि इंग्रजी नाटकांसाठी ते खुले आहे. अरुंधती यांच्या कार्याचा गौरव संगीत नाटक अकादमी पुरस्काराने आणि २०१० मध्ये पद्मश्रीने करण्यात आला. ज्येष्ठ बंधू अनंत नाग यांनी ‘नन्न तम्म शंकर’, म्हणजे माझा धाकटा भाऊ शंकर, हे आठवणींचे कन्नड पुस्तक लिहिले.

मातृभाषा कोकणी, रंगभूमीचे संस्कार मराठी, चित्रपटांची भाषा कन्नड आणि देशव्यापी कीर्ती देणारी मालिका हिंदी, अशा चार भाषांत शंकर नाग यांचे आयुष्य विभागलेले होते. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील भाषिक वाद त्यांच्या हयातीतही धगधगत होता आणि आजही तो मिटलेला नाही. त्या वादात त्यांनी एका मराठी नाटककाराची नाटके कन्नड रंगमंचावर आणली, तेंडुलकरांच्या कन्येस कन्नड पडद्यावर संधी दिली आणि चापेकरांवरील मराठी चित्रपटाच्या लेखनास हातभार लावला. याचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही, कारण मुंबईच्या ज्या रंगभूमीवर ते घडले तेथे ही देवघेव नित्याचीच होती.

दरवर्षी ९ नोव्हेंबरला बंगळुरूतील अनेक रिक्षाथांब्यांवर शंकर नाग यांच्या चित्रास हार घातला जातो आणि रिक्षा सजवल्या जातात. सोमवारखेरीज रोज संध्याकाळी जे. पी. नगरात नाटकाची वेळ होते आणि दार बंद होते.